वाढवून ठेवा

महाडच्या बाजारपेठेत रावजींच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर जी बाई बसते, तिला सगळे ‘वहिनी’ म्हणतात. नाव निशिगंधा. नाव गिऱ्हाइकांच्या जिभेला जड जातं, आणि नवऱ्याबद्दल विचारणं त्याहून जड. वहिनी म्हटलं की दोन्ही टळतं.

नवरा आहे. पनवेलला आहे. तिथं त्याचा दुसरा संसार आहे. सुनील हा रावजींचा एकुलता एक मुलगा, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. एकदा असाच एका लग्नाला म्हणून गेला आणि नंतर कॅमेरा तेवढा कुरियरने परत आला. तेव्हा निशिगंधाचे वडील दासगावहून तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, “दोन लग्नांचं एडिटिंग राहिलंय, ते झालं की येते.” वडील चहा पिऊन गेले. ते एडिटिंग काही संपलं नाही. एक लग्न हातावेगळं होईपर्यंत दुसरं येत गेलं, आणि ती सासऱ्यांच्या घरात राहिली ती राहिलीच. सासू आधीच गेली होती. घरात दोनच माणसं उरली, एक सून आणि एक सासरा, आणि दोघांच्या मधे सुनीलचं नाव न काढण्याचा न ठरवलेला करार.

बायका हळदीकुंकवाला बोलावत. कुंकू लावताना एखादीचं बोट क्षणभर अडखळे, तेवढंच. नवरा वारला असता तर बांगड्या वाढवल्या असत्या, लोक रडले असते, प्रकरण मिटलं असतं. पनवेलला गेलेल्या नवऱ्यासाठी काय वाढवायचं, हे कुठल्याच पोथीत सांगितलेलं नव्हतं.

वाढवण्याचा विषय निघाला म्हणून सांगायचं, त्या दुकानात या शब्दाला एक वेगळाच अर्थ होता, आणि तो रावजींनी दिलेला होता. रावजी जुन्या काळातले फोटोग्राफर. दुकानात ‘पुसला’, ‘डिलीट केला’ असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

“बांगडी फुटली तर आपण फुटली म्हणतो का? वाढवली म्हणतो. रात्री दुकान बंद केलं म्हणतो का? वाढवलं म्हणतो. मग माणसाचा हसरा चेहरा पुसला, हे कसं तोंडातून निघतं तुमच्या? तो पण वाढवायचाच.”

असं त्यांनी नव्या नवरीला सांगितलं होतं, आणि नव्या नवरीने ते मुकाट्याने उचललं होतं. दुकानात फोटो वाढवला म्हणजे काढून टाकला. छोट्याचा मोठा करायचा असेल तर ‘मोठा करणे’. इतकी वर्षं यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एकवीस सालच्या पुरात दुकान छतापर्यंत भरलं. चिखल उपसून झाल्यावर निशिगंधाचा भाऊ राहुल पुण्याहून आला आणि त्याने नवा कॉम्प्युटर जुळवून दिला. त्यात नव्या जातीची, भराभर चालणारी डिस्क होती. पहिले काही महिने ती वाऱ्यासारखी चालली. मग हळूहळू रेंगाळायला लागली. निशिगंधा जुनी शूटिंग काढून टाकायची, जागा रिकामी दिसायची, तरी नवं काही घालायला घेतलं की डिस्क धापा टाकायची.

राहुलने फोनवर सांगितलं, “ताई, तू फाइल काढतेस तेव्हा फक्त यादीतलं तिचं नाव जातं. आतला मजकूर तिथेच असतो. आणि डिस्कला हे कुणी सांगतच नाही की ही जागा आता कुणाची नाही. ती बिचारी तो मजकूर सांभाळत बसते.”

“म्हणजे उष्टी ताटं,” निशिगंधा म्हणाली.

“काय?”

“पंगत उठून गेली. पण वाढणारणीला कुणी सांगितलंच नाही. ती आपली अर्ध्या ताटांवर झाकणं घालून इकडची तिकडे ठेवतेय, माणूस परत येईल म्हणून. मग नव्या पंगतीला धुतलेलं ताट कुठून मिळणार?”

राहुल हसला. पण नंतर पुण्यात आपल्या ऑफिसमध्ये त्याने हे चारचौघांना सांगितलं. मग त्याने तिला तो हुकूम शिकवला. ट्रिम म्हणतात त्याला. हुकूम दिला की कॉम्प्युटर स्वतःच्या याद्या तपासतो आणि डिस्कला सांगतो, या या जागा सुटल्या. डिस्क मग सवडीने त्या धुऊन काढते. जी नावं यादीत आहेत त्यांना धक्का लागत नाही. पण जे नावाशिवाय पडलं होतं ते गेलं. मग ते कुणाच्या बापालाही परत आणता येत नाही.

“हे आठवड्याला आपोआप होईल असं लावून ठेवलंय,” राहुल म्हणाला.

“ते आपोआप काढ.”

“अगं, कशाला? सगळीकडे तसंच असतं. तू विसरशील.”

“मी नाही विसरत. माझ्या पाठीमागे कुणी काही टाकून दिलेलं मला चालत नाही.”

राहुलने पुढे वाद घातला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारची जेवणं झाली की निशिगंधा ताटं उचलायची, आधी घरची, मग डिस्कची. घरच्या ताटाचीही एक रीत होती. रावजी फार सावकाश जेवत. शेवटचा घास ताटात ठेवून बोलत बसत. सासू असताना ती त्यांच्या हाताखालून ताट ओढून न्यायची आणि मग दिवसभर दोघांची तोंडं दोन दिशांना. निशिगंधाने आल्यापासून एकदाही न विचारता ताट उचललं नव्हतं. “अण्णा, ताट उचलू ना?” ते “उचल” म्हणाले की मग. तोच प्रश्न ती डिस्कसाठीही विचारायची. आठवडाभरात काय काय वाढवलं ते तोंडी सांगायची, रावजी डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “उचल.” हुकूम ज्यात टाइप करायचा त्या काळ्या चौकोनातलं अक्षर रावजींना कळत नव्हतं. पण दुकान त्यांचं होतं, आणि त्यात उभ्या राहिलेल्या बहुतेक माणसांची नावं त्यांना पाठ होती.

तर एका गुरुवारी दुकानात फोन वाजला. फोन होता भागूबाईचा.

वरंधच्या वरच्या अंगाला डोंगरावर धनगरांची वाडी आहे. भागूबाई आणि रामजी तिथले. म्हशी, थोड्या गाई, उतारावर नाचणी-वरी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचं, पूनमचं लग्न वाडीवरच झालं तेव्हा शूटिंगला निशिगंधा स्वतः वर गेली होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात पाहुणे बसलेले असताना रामजी मधूनच उठला, टेपाडाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने म्हशींना हाक दिली. निशिगंधाच्या हातात आवाज टिपायचं यंत्र होतं. तिने ते तसंच पुढे धरलं. ती हाक दरीत उतरली, समोरच्या डोंगराला लागून परत आली, आणि मग खालच्या रानातून एक एक म्हैस वर येऊ लागली. सगळ्यांच्या पुढे मोरी नावाची म्हातारी म्हैस, गळ्यात लोखंडी घंटा.

लग्नाच्या सिनेमात तो प्रसंग राहिला, पण हाक राहिली नाही. पूनमच्या सासरच्यांना गाणं हवं होतं. गाण्याखाली रामजी नुसता तोंड उघडताना दिसायचा. खरी हाक होती ती दुकानातल्या डिस्कवर, कच्च्या मालात. रामजी गेल्या पावसाळ्यात तापाने गेला.

फोन रावजींनी घेतला. वाडीवर रेंज येते ती एका दगडावर उभं राहिलं तर, आणि त्या दिवशी वाराही असावा. अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही.

“…आमच्या ह्यांचं तुमच्याकडं हाय ना… ते तेवढं वाढवून ठेवा. शनवारी येते मी.”

“नक्की ना भागूबाई? विचार केलास ना?”

“हो हो. कसला इचार? जीव टांगनीला लागलाय हितं. वाढवा.”

रावजींनी फोन ठेवला. मग म्हणाले, “रामजीचं ते सगळं वाढवून ठेव. म्हातारीला बघवत नसेल.”

निशिगंधाला नवल वाटलं नाही. शुक्रवारी सकाळी तिने दोन्ही फाइली उघडल्या, एक चित्राची, एक नुसत्या आवाजाची. एकदा पाहिलं, एकदा ऐकलं. भागूबाईचा तिला थोडा हेवाच वाटला. हे वाढवून टाका, असं आपल्यालाही एका फोनवर कुणाला सांगता आलं असतं तर. मग तिने दोन्ही वाढवल्या. कचऱ्याची पेटीही रिकामी केली. दुपारी बिरवाडीच्या एका हळदीचं शूटिंग आलं, ते डिस्कवर उतरवून घेतलं आणि कामाला लागली.

शनिवारी जेवणं उशिरा झाली. मागच्या खोलीत डबा उघडून दोघं जेवली. कुळथाची पिठी होती, रावजींच्या आवडीची. ते जेवता जेवता जुन्या कुठल्या तरी लग्नातल्या घोड्याची गोष्ट सांगू लागले, आणि घोडा मांडवात शिरायच्या आत त्यांना झोप लागली. ताटात एक घास, भिंतीला डोकं, तोंड किंचित उघडं.

निशिगंधाने हात धुतले. कॉम्प्युटरवर काळा चौकोन उघडून हुकूम टाइप करून ठेवला. नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. पण अण्णा झोपलेले. ताटही तिथेच. तिने दोन्हीला हात लावला नाही. बिरवाडीची हळद कापत बसली.

तेवढ्यात पायरीवर कुणी चपला झटकल्या.

“हायस काय गो वहिनी?”

भागूबाई आत आली. पातळाचा काचा मारलेला, खांद्यावर घोंगडीची घडी आणि काखेत एक निळा भोंगा. भाजीवाले टेम्पोला लावतात तसला, कार्ड घालायचा.

“या आजी, बसा. पाणी देते.”

“पानी मागनं. वाढवलंस का?”

“वाढवलं. कालच.”

“किती वाढवलंस?”

निशिगंधा गोंधळली. “किती म्हणजे? सगळंच.”

“सगळं कशाला गो! म्हशींचे कान फाटतील.” भागूबाई हसली आणि तिने भोंगा टेबलावर ठेवला. “बरं, घाल ह्यात. पूनमच्या घोवानं दिलाय. त्याच्या भाजीच्या गाडीवरचा हाय, त्यातनं आधी ‘मेथी घ्या, शेपू घ्या’ येतंय, ते तेवढं काढ. न्हाईतर म्हशी यायच्या नायत, बाया येतील.”

निशिगंधाच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

“आजी, तुम्हाला… आवाज मोठा करून हवा होता?”

“मग मी काय बोल्ले फोनवर? वाढवून ठेवा बोल्ले.”

निशिगंधाने तांब्या खाली ठेवला. खोटं बोलायला तोंड उघडावं एवढाही वेळ तिने घेतला नाही. “आजी, आमच्या दुकानात वाढवलं म्हणजे काढून टाकलं असं म्हणतात. मी ते काढून टाकलं.”

भागूबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती खुर्चीत बसली नाही, होती तिथेच उकिडवी बसली.

“काढून टाकलंस?”

“हो.”

“ही कुठली गो तुमची बोली? वाढवलं म्हंजे मारलं? तुमच्याकडं पोरगं वाढवलं तर काय करता?”

आवाजाने रावजी जागे झाले. बाहेर आले. काय झालं ते दोन वाक्यांत कळलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“भागूबाई, आवाज हा शब्द मला ऐकूच आला नाही ग.”

“रेंजनं खाल्लान आसंल. पन तुमी इचारलंत, नक्की ना? तवा मला वाटलं, हा एवढं काय इचारतोय भोंग्यासाठी.” ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “म्हशी येत नायत वो दादा. मी हाक देते, त्या कान पन हलवीत नायत. माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाय, तो उभा राह्यचा आनि मी भाकऱ्या थापायचे. काळोखापत्तुर रानात ऱ्हातात. दोन रेडकं वाघरानं नेली. माझं गुडघं उतरवत नाय खाली. राजू बोलतो, आई, इक सगळ्या नि बिरवाडीला माझ्या खोलीवर चल. सोमवारी यापारी येनार हाय. मी त्याला बोल्ले, शनवारी तुझ्या बापाला घेऊन येते, मग बघू कोन इकतोय.”

भोंग्याचा निळा रंग टेबलावर फारच उठून दिसत होता.

निशिगंधाची नजर काळ्या चौकोनाकडे गेली. हुकूम तिथे होता तसाच होता. मागच्या खोलीत रावजींचं ताट होतं तसंच होतं.

“आजी,” ती म्हणाली, “बसा तुम्ही. अजून ताटं उचललेली नाहीत.”

तिने आधी तो हुकूम एक एक अक्षर करून मागे घेतला. मग कॉम्प्युटर बंद केला. आता त्या डिस्कवर एक ओळदेखील नवी लिहिली जायला नको होती. रामजीच्या ताटावर नवं कुणी जेवायला बसलं की संपलं. आणि काल बिरवाडीची अख्खी हळद त्या पंगतीत येऊन बसली होती, हे तिला आठवत होतं. ते ती बोलली नाही. स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, जुन्या लॅपटॉपला जोडली, डिस्क नुसती वाचायची, लिहायचं काही नाही, असं त्याला बजावलं, आणि नावं गेलेल्या वस्तू शोधणारा प्रोग्रॅम चालू केला. सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर जमा होऊ लागलं.

“मिळंल?” भागूबाईने विचारलं.

“माहीत नाही.”

“बरं बोल्लीस. मिळंल बोलली असतीस तर मी उठून गेले असते.”

चित्राची फाइल मिळाली, पण ती मेल्यातच जमा होती. टेपाड दिसलं, रामजीचे पाय दिसले, कमरेपासून वर हिरवे-जांभळे चौकोन. वरच्या भागावर बिरवाडीची हळद बसली होती. भागूबाई त्या पायांकडे बघत राहिली. “चपला त्याच्याच हायत,” ती म्हणाली.

आवाजाच्या फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. आठवड्याभरातलं काढून टाकलेलं सगळं एका ढिगात वर आलं होतं, आणि त्याखाली केव्हाचं काय काय, पूर्वीच्या शनिवारी कसं निसटलं होतं कोण जाणे. त्यातली हाक कोणती हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. निशिगंधा एक एक लावू लागली. सनई. ताशे. मंगलाष्टकं.

“ह्या भटाला सर्दी हाय,” भागूबाई म्हणाली.

मग कुणाचं तरी रडणारं बाळ. मग जेवणावळीचा कालवा, ‘अहो, भात इकडे’. भागूबाई मान पुढे काढून ऐकत होती, रानात ऐकतात तशी. रावजी दारात उभे राहून येणारं गिऱ्हाईक परतवत होते. निशिगंधाने पुढचा आकडा दाबला.

“हॅलो. हॅलो, चेक. एक दोन तीन. निशी, ऐकू येतंय का?”

आवाज लख्ख होता. दुकानातच काढलेला असावा, मागे पंख्याची घरघर होती. पुरात वाचलेल्या कुठल्या तरी जुन्या कार्डावरून तो या डिस्कवर आला असणार, आणि तिनेच कधी तरी काढून टाकलेला असणार. तिचा हात बटणावर होता. बटण दाबलं गेलं नाही.

“निशी, अगं, हात वर कर ना ऐकू येत असेल तर.”

“कोन हाय हा?” भागूबाईने विचारलं.

उत्तर दारातून आलं. “आमचा आहे,” रावजी म्हणाले. रस्त्याकडे तोंड करूनच म्हणाले.

भागूबाईने एकदा त्यांच्या पाठीकडे बघितलं, एकदा निशिगंधाकडे. डोंगरावरही बातम्या चढतात. ती एवढंच म्हणाली, “म्होरं लाव गो पोरी.”

निशिगंधाने पुढचा लावला. वारा. नुसता वारा, आणि मांडवातल्या बायकांचं लांबून हसणं. आणि मग,

“हीऽऽऽ यो. यो गो मोरेऽऽऽ. यो यो योऽऽऽ.”

भागूबाईचा हात आपोआप वर गेला आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. घरात नवरा आल्यावर ओढतात तसा. डोंगराला लागून हाक परत आली, मग घंटा वाजू लागली, लांब, जवळ, अगदी जवळ. शेवटी त्या आवाज टिपायच्या यंत्रात एका म्हशीने जोरात श्वास सोडला आणि आवाज संपला. भागूबाई पदराच्या आतून म्हणाली, “मोरी हाय ती. तिला सवय हाय फुसकारायची.”

रावजी आत आले होते. त्यांनी घसा साफ केला. “आता तो आवाज वा…” ते जीभ चावून थांबले. “मोठा कर. मोठा.”

“मोठा कर मोठा,” भागूबाई म्हणाली. “तो दुसरा शब्द आता ह्या दुकानात काढू नगा. म्हातारा दोनदा मेला, तिसऱ्यांदा नगं.” आणि मग ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले.

निशिगंधाने वारा कमी केला, हाक मोठी केली, मेथी-शेपू काढली, कार्ड भोंग्यात घातलं. एक प्रत तिने पेनड्राइव्हवर दिली, एक स्वतःकडे ठेवली, आणि एक राहुलला पुण्याला पाठवून दिली.

“आजी, आल्या की नाही ते मला फोन करा. तोपर्यंत मी इथलं काही उचलत नाही. कार्डात काही खोट निघाली तर पुन्हा काढता येईल.”

“पाव्हनं उठल्याबिगर ताट उचलायचं नाय, असंच ना?” भागूबाईने काखेत भोंगा मारला. “शानी हायस. तुझी सासू लय घाईची होती.”

ती वरंधच्या जीपने गेली.

फोन येईपर्यंत ती डिस्क निशिगंधाने परत बसवली नाही. बिरवाडीच्या हळदीवाल्यांचे फोन येत राहिले. तिने सांगितलं, थोडं थांबा. का ते सांगितलं नाही. जुन्या लॅपटॉपवर फुटकळ कामं करत तिने रविवार काढला. सोमवारी सकाळपासून रावजी फोनच्या जवळ बसून होते आणि आपण फोनसाठी बसलेलो नाही असं दाखवत होते.

फोन आला तो दुपारनंतर. त्या दगडावरून, वाऱ्यातून.

“आल्या गो.”

“सगळ्या?”

“सगळ्या. काल पन आल्या, परवा पन. पैल्या दिवशी राजू माझ्या बाजूला उभा व्हता, हसत व्हता. भोंगा लावला नि खालनं घंटा वाजली. मग हसायचा थांबला. आज यापारी आला, त्याला बोल्ला, दोन गाई ने, म्हशी ऱ्हाऊ देत.” मग ती म्हणाली, “फकस्त मोरी गो. ती गोठ्यात जायना. भोंग्याच्या तोंडाशी येऊन उभी ऱ्हायली. हुंगतेय, बघतेय. मी तिला बोल्ले, नाय गो बाय, तो नाय, नुसता आवाज हाय. मग तिच्या गळ्यात हात घालून नेली आत.”

“आजी…”

“आनि मग भोंगा वाढवला.” फोनवर ती हसली. “तुमच्यातला वाढवला. आमच्यातला न्हवं.”

निशिगंधाने फोन ठेवला. रावजींना सगळं ऐकूच आलं होतं, तरी तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं. मग तिने डिस्क जागेवर बसवली. शनिवार नव्हता, तरी काळा चौकोन उघडला. दुसऱ्या डिस्कवर जमा झालेला नावांशिवायचा ढीगही तिच्यासमोर होता. सनया, ताशे, सर्दीवाला भटजी. तोही काढायचा होता.

“अण्णा, ताटं उचलू ना?”

रावजी “उचल” म्हणाले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत बसले. काच स्वच्छच होती.

“तो हॅलो हॅलो वाला,” ते म्हणाले, “तो त्याच्यातच आहे ना?”

“त्याच्यातच.”

“नाही, म्हणजे तुला नको असेल तर. तुझं म्हणणं आधी. माझ्याकडे बघू नकोस.”

निशिगंधा स्क्रीनकडे बघत राहिली. निशी, ऐकू येतंय का. तिला ते नेहमी ऐकू यायचं. त्यालाच तिचं काही ऐकू जायचं नाही, आणि ते कुठल्या माइकमुळे नव्हतं. या आवाजाच्या तोंडाशी आपण जाऊन उभं राहू का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. बरं झालं, भागूबाईने लगेच ‘म्होरं लाव’ म्हटलं.

“माझं जेवण कधीच झालं, अण्णा,” ती म्हणाली. “तुमचं झालं का?”

रावजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मी सावकाश जेवतो,” ते म्हणाले. “तुला माहीत आहे.”

“मग राहू दे की. घाई कुणाला आहे?”

तिने त्या एका तुकड्याला नाव दिलं, रावजींच्या जुन्या फोटोंच्या शेजारी ठेवून दिला आणि नाव यादीत आलंय ना, हे दोनदा पाहिलं. मग बाकीच्या पंगतीची ताटं उचलली.